अन्न नाकारणारा आजार आणि रक्ताचा अहवाल

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांपूर्वी एखाद्या आजाराची सर्वसामान्य वाचकांस समजेल अशी ओळख करून देण्याची प्रथा आहे. यंदा विश्वस्त मंडळाने सुचविलेला विषय काही वाचकांना अपरिचित वाटण्याचा संभव आहे. ताट समोर असूनही न जेवणे, जेवल्यास ते ओकून टाकणे, आणि हे इतके दिवस चालणे की शरीराचा अस्थिपंजर व्हावा, याला आपल्याकडे अजूनही हट्ट, नखरा किंवा फार तर ‘बाहेरचे काही’ असे म्हटले जाते. वैद्यकशास्त्र त्याला आहार-विकार म्हणते. या विकाराचे मानसिक अंग मनोविकारतज्ज्ञांनीच सांगावे. या रुग्णांच्या रक्तात काय घडते, रक्ताचा अहवाल नातेवाइकांची दिशाभूल कशी करतो, आणि त्यावरचा उपाय रक्तपेढीत का सापडत नाही, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. निदान व उपचार हा त्याचा प्रांत नव्हे. परंतु डॉक्टरांना भेटून झाल्यावर नातेवाईक बहुधा प्रशासन कार्यालयाची पायरी चढतात, आणि तेव्हा त्यांच्या एका हातात बिल व दुसऱ्या हातात रक्ताचा अहवाल असतो. या दोन कागदांचा मेळ बसत नाही अशी त्यांची तक्रार असते. आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी वेळोवेळी समजावून सांगितलेली आणि छपाईपूर्वी तपासून दिलेली माहिती पुढे देत आहे.

आहार-विकारांपैकी सर्वांत गंभीर म्हणजे ॲनोरेक्सिया नर्व्होझा. १८७३ साली पॅरिसचे डॉक्टर लासेग आणि लंडनचे सर विल्यम गल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले. आज रूढ असलेले नाव गल यांचे. हे नाव काहीसे फसवे आहे. ‘ॲनोरेक्सिया’ म्हणजे भूक नसणे. या रुग्णांना भूक असते, पुष्कळदा तर तीव्र असते. वजन वाढण्याच्या भीतीपोटी ती मारली जाते. दुसरा प्रकार बुलिमियाचा. त्यात अधाशीपणे खाणे आणि नंतर उलटी काढून किंवा जुलाबाची औषधे घेऊन ते बाहेर टाकणे असे चक्र चालते. लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली त्याला वेगळे नाव दिले. बुलिमियाच्या रुग्णाचे वजन अनेकदा बेताचे असते आणि रक्तपेशींची मोजणीही बहुधा ठीक येते. तिथे धोका असतो तो पोटॅशियम घसरण्याचा. प्रस्तुत लेख मुख्यत्वे पहिल्या प्रकाराविषयी, म्हणजे दीर्घ काळ उपाशी राहिलेल्या शरीराविषयी आहे.

हा विकार तरुण मुलींमध्ये अधिक आढळतो, मुलग्यांमध्येही असतो. तो केवळ पाश्चात्त्य देशांत किंवा केवळ श्रीमंत घरांत होतो हा समज आता टिकणारा नाही. आपल्याकडे एक अडचण मात्र खास आपली आहे. उपवास हा आपल्या घरांतील नित्याचा भाग. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणून आपण त्याची थट्टाही करतो. उपवास करणारी व्यक्ती आजारी नसते हे उघड आहे. ती दुसऱ्या दिवशी आनंदाने पारणे सोडते. पण एखादी मुलगी सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी असे वार वाढवीत जाते आणि पारण्याच्या दिवशीही टाळाटाळ करते, तेव्हा घरात कौतुक होत राहते आणि आजार त्या कौतुकाच्या आड लपतो. पित्त होते, पोट जड वाटते, कॉलेजातच खाऊन आले, ही उत्तरेही अशीच सोयीची असतात. अशा रुग्णांपैकी काहीजण प्रथम रुग्णालयात येतात ते ‘अशक्तपणा आणि रक्त कमी’ म्हणून.

रक्ताचा कारखाना हाडांच्या आत, अस्थिमज्जेत असतो. निरोगी प्रौढ माणसाची मज्जा दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार करते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस टिकते, प्लेटलेट आठ ते दहा दिवस, आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतील न्यूट्रोफिल तर रक्तात तासांच्या हिशोबाने राहते. म्हणजे हा कारखाना एक दिवसही बंद ठेवता येत नाही, आणि त्याला कच्चा माल लागतो: प्रथिने, लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२, तांबे, आणि या सर्वांहून अधिक म्हणजे ऊर्जा. अन्न थांबले की शरीर प्रथम चरबी मोडते, मग स्नायू. आमच्या भाषेत सांगायचे तर उत्पन्न बंद झाल्यावर आधी गंगाजळी संपते आणि मग यंत्रसामग्री विकायला निघते. अगदी शेवटी हात लागतो तो अस्थिमज्जेला. तिच्यातील चरबीच्या पेशी सुकतात, रक्त घडविणाऱ्या पेशी विरळ होतात आणि मोकळ्या जागेत खळीसारखा बुळबुळीत पदार्थ साठतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे दृश्य पाहणाऱ्या डॉक्टरांना क्षणभर रक्ताच्या एखाद्या असाध्य रोगाची शंका यावी इतके ते उजाड असते, असे आमच्या पॅथॉलॉजी विभागाचे म्हणणे. पण हा कर्करोग नव्हे. पोषण पूर्ववत होताच ही मज्जा पुन्हा भरून येते, आणि हाच या सर्व प्रकरणातील सर्वांत दिलासा देणारा भाग आहे.

त्याचे पडसाद रक्ताच्या साध्या तपासणीत उमटतात. तीव्र ॲनोरेक्सियाच्या रुग्णांपैकी ढोबळमानाने एकतृतीयांश जणांत हिमोग्लोबिन कमी आढळते, जवळपास तेवढ्याच जणांत पांढऱ्या पेशी कमी असतात, आणि त्याहून बऱ्याच कमी जणांत प्लेटलेट घटलेल्या असतात. हे आकडे वाचताना एक बाब लक्षात घ्यावी. याचा अर्थ अनेक रुग्णांचा अहवाल सर्वसाधारण मर्यादेत येतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मग भरती कशाला?’ हा प्रश्न त्यातूनच निघतो. ४४ रुग्णांच्या अस्थिमज्जेचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात मज्जेची हानी ही वजन किती घटले आहे याच्याशी निगडित आढळली, इतर तपासणीतील निष्कर्षांशी नाही. वजनकाटा खरे बोलत असताना रक्ताचा कागद गप्प राहू शकतो, असा याचा व्यावहारिक अर्थ.

केवळ उपासमारीने असे होते, मनाच्या आजाराने नव्हे, याला जुना पुरावा आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धामुळे उपासमार झालेल्या युरोपातील लोकांना पुन्हा खाऊ-पिऊ कसे घालावे, हे शोधणे हा प्रयोगाचा हेतू होता. त्या तरुणांचे वजन सरासरीने सुमारे एकचतुर्थांश घटले आणि त्यांच्यात रक्तक्षय दिसू लागला. एवढेच नव्हे, तर हे धडधाकट तरुण अन्नाखेरीज दुसरा विचार करीनासे झाले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. म्हणजे आपण ज्याला रुग्णाचा ‘स्वभाव’ म्हणतो त्यातला काही भाग उपासमारीचा असतो. पालकांनी हे वाक्य दोनदा वाचावे अशी विनंती आहे.

आता अहवाल फसवतो कसा, ते सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, आणि कुटुंबाच्या संमतीने, एक प्रसंग येथे देत आहे. तालुक्याच्या गावातील एका शिक्षकांची १९ वर्षांची कन्या दाखल झाली. उंची १६० सेंटिमीटर, वजन ३४ किलो. या उंचीला किमान ४७ किलो तरी असावे. दाखल होताना हिमोग्लोबिन ११.८, म्हणजे स्त्रियांसाठी मानल्या जाणाऱ्या १२ च्या किंचित खाली. पांढऱ्या पेशी २,६००, प्लेटलेट १ लाख १० हजार. तिसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन ९.४ झाले. चौथ्या दिवशी सकाळी वडील पाच नातेवाइकांना घेऊन कार्यालयात आले.

“साहेब, आम्ही सहा जण आहोत. कुणाचंही घ्या, पण पोरीला रक्त चढवा. येताना जवळजवळ बारा होतं, तुमच्याकडे येऊन नऊवर आलं. हे कसं?”

प्रश्न रास्त होता, आणि रोखही स्पष्ट होता. सुदैवाने गुरुजी गणिताचे शिक्षक. हिमोग्लोबिनचा आकडा हे प्रमाण असते, दर १०० मिलिलिटर रक्तामागे किती ग्रॅम, एवढेच ते सांगते. ही मुलगी खाण्याबरोबर पाणीही टाळत होती. शरीरातील पाणी आटले होते. भाजक लहान झाला की भागाकार मोठा दिसतो. वरण आटले की दाट दिसते, म्हणून त्यातली डाळ वाढलेली नसते. सलाईन आणि पातळ पदार्थांनी पाण्याची तूट हळूहळू भरून निघाली, तेव्हा खरा आकडा दिसू लागला. रक्त रुग्णालयात कमी झाले नव्हते. ते आधीच कमी होते आणि ११.८ या आकड्याने ते झाकले होते. भाजकाची गोष्ट गुरुजींना पटली. नातेवाइकांपैकी एक गृहस्थ मात्र शेवटपर्यंत साशंक होते, हेही नमूद करतो.

रक्त का चढविले नाही, याचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे लागेल. रक्ताच्या एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण १ ने वाढते. मज्जेचा कारखाना जसाच्या तसा बंद राहतो. उलट दीर्घ उपासमारीत हृदयाचा स्नायूही झिजलेला असतो. त्याची गती मिनिटाला ४०-५० पर्यंत उतरलेली असू शकते. अशा हृदयावर पिशवीभर द्रव एकदम लादला तर फुप्फुसांत पाणी साचण्याची भीती असते. रक्तस्राव होत असेल, किंवा हिमोग्लोबिन फारच खाली जाऊन श्वास व हृदयावर ताण येत असेल, तर डॉक्टर रक्त देतात. ते निर्णय त्यांचे. एरवी या आजारात रक्त देणे टाळले जाते. पांढऱ्या पेशी वाढविण्याची महागडी इंजेक्शनेही सहसा लागत नाहीत, आणि हाडात सुई घालून मज्जा काढण्याची तपासणीही निदानात खरी शंका असेल तरच केली जाते. आलेल्या सहा जणांनी पुढे रक्तपेढीत स्वेच्छेने रक्तदान केले. ते इतर रुग्णांच्या कामी आले, त्याबद्दल रुग्णालय त्यांचे आभारी आहे.

दुसरा आग्रह असतो लोहाच्या इंजेक्शनचा. ‘रक्त कमी म्हणजे लोह कमी’ हे समीकरण आपल्याकडे घट्ट बसले आहे, आणि त्यात आपल्या देशाच्या परिस्थितीचा दोष अधिक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्यामुळे आपल्याकडील एखाद्या मुलीत आहार-विकार सुरू होण्यापूर्वीच लोहाची कमतरता असणे सहज शक्य आहे. पण तीव्र ॲनोरेक्सियात चित्र बरेचदा उलटे दिसते. पाळी बंद झालेली असते, त्यामुळे दरमहा होणारा लोहाचा व्यय थांबतो. तांबड्या पेशींचा एकूण साठा आकसतो, तेव्हा त्यांतून सुटलेले लोह साठ्यात जाऊन पडते. म्हणून साठ्याचे माप दाखविणारी फेरिटिनची तपासणी अनेकदा पुरेशी किंवा वाढलेलीही येते. गोदामात माल आहे, पण कारखान्यात वीज नाही, अशी ही अवस्था. फेरिटिन न तपासता लोह टोचणे म्हणजे भरल्या गोदामात आणखी माल उतरविणे होय. कमतरता सिद्ध झाली तर लोह दिलेच पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.

टॉनिकावरील आपल्या श्रद्धेला एक इतिहास आहे, आणि तो मुंबईतला असल्यामुळे येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. गरोदर गिरणी कामगार स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा शोध घेण्यासाठी ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईस आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम केले. गरीब स्त्रियांचा निकृष्ट आहार आणि हा रक्तक्षय यांचा संबंध त्यांनी जोडला, आणि यीस्टचा अर्क असलेल्या मार्माइट या साध्या, स्वस्त पदार्थाने रक्त झपाट्याने सुधारते हे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. १९४१ साली तो पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला. आज गरोदरपणी देण्यात येणाऱ्या गोळीमागे परळच्या त्या कामाचा वाटा आहे. तिथे एक घटक कमी होता. तो दिला, रक्त सुधारले. ॲनोरेक्सियात असा एकच हरवलेला घटक सापडत नाही. फॉलिक ॲसिड आणि बी-१२ बहुतेक रुग्णांत बेताचे तरी असते. कमी असते ते अन्नच, सगळ्याच्या सगळे. म्हणून बाटलीतून, गोळीतून किंवा सुईतून त्याची भरपाई होत नाही.

आपल्याकडे खंगलेली तरुण व्यक्ती दिसली की पहिली शंका क्षयरोगाची येते, आणि ती येणे योग्यच आहे. या ठिकाणी एक स्वस्त, जुनी तपासणी उपयोगी पडते. तांबड्या पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात हे मोजणारी ईएसआर ही ती तपासणी. क्षयरोग, आतड्याची सूज, काही प्रकारचे कर्करोग यांत हा आकडा सहसा वाढतो. निव्वळ ॲनोरेक्सियात तो बहुधा कमीच असतो. तो वाढलेला आढळला तर डॉक्टर थांबतात आणि दुसरा आजार शोधतात. आहार-विकाराचा शिक्का मारून क्षयरोग नजरेआड होणे, किंवा क्षयरोगाच्या संशयावर महिनोन्‌महिने गोळ्या देत राहून उपासमार चालू राहणे, या दोन्ही गोष्टी रुग्णाच्या जिवावर बेतू शकतात. एका आकड्यावर निदान होत नाही हे खरे, पण तो आकडा विचारावा.

पांढऱ्या पेशी कमी असूनही या रुग्णांना जंतुसंसर्ग अपेक्षेइतका वारंवार होत नाही, असे दिसून आले आहे. मात्र झाला तर तो ओळखणे कठीण जाते. उपाशी शरीर थंड असते, ताप चढविण्याइतकी ऊर्जा त्याच्याजवळ नसते. न्यूमोनिया झालेल्या रुग्णाचे तापमापक साधारण आकडा दाखवू शकते. म्हणून आमच्या कक्षातील परिचारिकांना सूचना आहे, की या रुग्णांच्या बाबतीत ‘ताप नाही’ यावर समाधान मानू नये; श्वासाची गती, नाडी आणि वागण्यातील बदल पाहावा. नाडी नेहमीच्या ४५ वरून ८५ झाली, तर इतरांच्या दृष्टीने ती सामान्य ठरेल, या रुग्णाच्या दृष्टीने नाही. प्लेटलेट कमी असल्या तरी मोठा रक्तस्राव क्वचितच होतो. यकृतावर ताण आला असल्यास रक्त गोठण्याची तपासणीही केली जाते.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण येथे नातेवाइकांचे प्रेमच घातक ठरू शकते. उपाशी मुलीने अखेर ‘जेवते’ म्हटले की घरची मंडळी शिरा, बासुंदी, ग्लुकोजचे पाणी घेऊन धावतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या युद्धकैद्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी पाहिले, की उपासमारीत तगलेली माणसे पोटभर जेवण मिळू लागल्यावर काही दिवसांत दगावली. कारण असे, की दीर्घ उपासमारीत शरीरातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांचे साठे रिकामे झालेले असतात, तरीही रक्तातील त्यांचे आकडे ठीक दिसतात. पिष्टमय व गोड पदार्थ पोटात जाताच इन्शुलिन स्रवते आणि उरलेसुरले फॉस्फेट रक्तातून पेशींत ओढले जाते. रक्तातील पातळी एकाएकी कोसळते. हृदयाचे ठोके अनियमित होतात, श्वासाचे स्नायू थकतात. तांबड्या पेशीवर याचा थेट परिणाम होतो. ऊर्जेसाठी आणि ऊतींना प्राणवायू सोडून देण्यासाठी तिला फॉस्फेट लागते; ते फारच घटले तर पेशी फुटू लागतात, आणि आधीच कमी असलेले हिमोग्लोबिन आणखी घसरते. पांढऱ्या पेशींचे कामही मंदावते.

म्हणून पहिला आठवडा रुग्णालयात काढावा लागतो. अन्न मोजून सुरू होते, थायामिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व आधी दिले जाते, आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज तपासले जाते. गुरुजींच्या मुलीचे फॉस्फेट चौथ्या दिवशी १.६ पर्यंत खाली आले होते. प्रौढांत ते साधारण २.५ ते ४.५ असते. तिला कसलाही त्रास जाणवत नव्हता. तपासणी नसती तर ते कळले नसते. फॉस्फेट शिरेतून व तोंडाने देण्यात आले, आहाराचे प्रमाण दोन दिवस वाढविले नाही, आणि मग पुन्हा पायरीपायरीने वाढविले. अलीकडे वैद्यकीय मत असे झुकले आहे, की फार खंगलेल्या नसलेल्या तरुण रुग्णांना कडक देखरेखीखाली पूर्वीपेक्षा अधिक उष्मांकांनी सुरुवात करता येते. अति सावधपणाने वजन आणखी घटण्याचाही धोका असतो. पण जितके वजन कमी तितकी सावधगिरी अधिक, हे सूत्र कायम आहे. घरून आणलेला डबा कक्षात घेऊ दिला जात नाही, याचे कारणही हेच. त्यावरून दारावरच्या रखवालदाराशी वाद घालू नयेत.

रक्त सुधारते ते अन्नाच्या मागोमाग. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट काही आठवड्यांत वर येऊ लागतात. तांबड्या पेशींचे आयुष्य दीर्घ असल्यामुळे हिमोग्लोबिन सावकाश चढते. सदर मुलगी सात आठवड्यांनी घरी गेली तेव्हा वजन ३९.५ किलो, पांढऱ्या पेशी ४,८००, प्लेटलेट १ लाख ९० हजार आणि हिमोग्लोबिन ११.२ होते. दाखल होतानाच्या ११.८ पेक्षा हा आकडा कमी, पण खरा. रक्ताची एकही पिशवी किंवा लोहाचे एकही इंजेक्शन तिला लागले नाही. हे वजन अजूनही पुरेसे नाही. मनोविकारतज्ज्ञांकडील उपचार महिनोन्‌महिने, कित्येकदा वर्षे चालतात, आणि काही रुग्ण पुन्हा घसरतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, ३६ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात ॲनोरेक्सियाच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण समवयस्कांच्या पाचपटींहून अधिक आढळले. त्या दर पाच मृत्यूंपैकी एक आत्महत्येने झालेला होता. रक्त सुधारले म्हणजे आजार गेला, अशी समजूत करून घेऊन उपचार सोडू नयेत, असे आमचे मनोविकारतज्ज्ञ घरी सोडताना प्रत्येक कुटुंबाला सांगतात. मानसिक आरोग्यासाठी शासनाची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

आता बिलाकडे वळतो. “औषध तर काहीच दिलं नाही, मग एवढे पैसे कशाचे?” हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे. खर्च असतो तो खाटेचा, रोजच्या तपासण्यांचा, आहारतज्ज्ञांच्या वेळेचा आणि प्रत्येक जेवणाच्या वेळी रुग्णाजवळ पाऊण तास बसून राहणाऱ्या परिचारिकेचा. ती परिचारिका उठली तर पोळी उशीखाली जाते. शस्त्रक्रियेच्या बिलात जसे एक मोठे कलम दिसते तसे येथे काही नसते. लहान लहान रकमा सात आठवडे साचत जातात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २१(४) नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्या धर्तीवरच विमा उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. नातेवाइकांनी विम्याची कागदपत्रे दाखल होतानाच आमच्या कार्यालयात द्यावीत. घरी जाण्याच्या दिवशी दिल्यास धावपळ होते.

विमा नसलेल्यांसाठी निर्धन रुग्ण निधी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खालील, उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवल्या जातात, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम या निधीत जमा केली जाते. उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका आणल्यास समाजसेवा विभाग अर्ज भरून देतो. अडचण एवढीच, की ही खाट एका रुग्णासाठी सात-सात आठवडे अडते, आणि तेवढ्या काळात तिथे अपेंडिक्सचे आठ-दहा रुग्ण बरे होऊन गेले असते. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत हा मुद्दा उपस्थित झाला होता, आणि तो चुकीचा नव्हता. त्यावर वैद्यकीय संचालकांचे उत्तर असे, की अपेंडिक्सच्या रुग्णाला शहरात चार ठिकाणी जागा मिळते, या मुलीला मिळत नाही.

देणगीदारांविषयी कृतज्ञता व्यक्त करून एक निवेदन करावेसे वाटते. यंत्रासाठी देणगी मागितली की ती मिळते, कारण यंत्रावर नावाची पाटी लावता येते. पेजेच्या वाटीवर किंवा परिचारिकेच्या खुर्चीवर ती लावता येत नाही. आहार-विकाराच्या रुग्णांसाठी आवश्यक ते यंत्र प्रयोगशाळेत आधीपासून आहे. कमतरता आहे ती पूर्णवेळ आहारतज्ज्ञांची आणि जेवणाच्या तिन्ही वेळांना उपलब्ध राहू शकेल अशा दोन प्रशिक्षित परिचारिकांची. या तीन पदांचा वार्षिक खर्च आणि फॉस्फेट-मॅग्नेशियम तपासण्या निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य करण्याचा प्रस्ताव येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली मंडळासमोर ठेवण्यात आला आहे. त्याचा तपशील या अहवालाच्या जमाखर्च विभागात पाहावयास मिळेल. या शीर्षासाठी देणगी द्यावयाची असल्यास धनादेशाच्या मागील बाजूस ‘आहार-विकार रुग्ण साहाय्य’ असे लिहावे, म्हणजे पावती त्याच नावाने फाडता येईल.

— प्रशासन अधिकारी